डोटा टू मधले सपोर्टचे आयटम: पाच नंबरवाल्याचा रिव्ह्यू

डोटा टू हा पाच-पाच जणांच्या दोन टीमचा कॉम्प्युटर गेम, फुकट आहे हे सगळ्याले माहीत आहे, म्हणून पूर्ण गेमचा रिव्ह्यू नाही करत, फक्त सपोर्टच्या, म्हणजे टीमले मदत करणाऱ्या खेळाडूच्या, सामानाचा करतो. आमच्या इकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात सगळ्या पोट्ट्यायले कॅरीच (पुढं ताकदवान होऊन मॅच जिंकवणारा) पाहिजे असते, अन संध्याकाळी नेट ढेपाळलं का लास्ट हिट (गोल्ड देणारा शेवटचा घाव) हुकतात मंग शिव्या चालू. सपोर्टचं तसं नाही, वार्ड (नजर ठेवणारा खुंटा) लावाले अन स्मोक (टीमले लपवणारा धूर) माराले पिंग (नेटचा उशीर) थोडा जास्त असला तरी भागून जाते, म्हणून मी पाच नंबरच, म्हणजे सगळ्यात कमी गोल्डवाला सपोर्टच, खेळतो.

आधी या गेममध्ये सामान आणून देणारा कुरिअरही सपोर्टनंच घ्याचा अन वार्डचे पैसेही त्यानंच भराचे, म्हणजे सालदारानं राबाचं बी अन बी-खत बी आपल्याच खिशातून आणाचं असा हिशोब होता. नोव्हेंबर 2019 च्या 7.23 पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) प्रत्येकाले आपापला कुरिअर भेटला, जंगलातले न्यूट्रल आयटम (दुकानात न भेटणारे) आले, आता ऑब्झर्व्हर (साध्या नजरेच्या) वार्डचेही पैसे नाई लागत. हे बरं केलं. पण अदृश्य दुश्मन दाखवणाऱ्या सेंट्री वार्डले अजूनही 50 गोल्ड लागतात, त्याच कामाची डस्ट (भुकटी) वेगळीच, अन समोर रिकी नाहीतर बाउंटी हंटर असा गायब होणारा हिरो असला का अख्खी मॅच त्यातच जाते. कॅरी मात्र वरून विचारते, बूट काहून नाही घेतले बे अजून!

फोर्स स्टाफ मले सगळ्यात भारी वाटते. ज्याच्यावर मारला तो ज्या दिशेनं तोंड करून आहे तिकडं 600 युनिट ढकलल्या जाते, दोस्त असो, दुश्मन असो का आपण स्वतः. आता यात गंमत पाहा, दोस्त पळत असन तर वाचते, पण तोच घाबरून मागं वळून पाहत असन तर तुम्हीच त्याले दुश्मनाच्या तोंडात देता, म्हणजे बटन दाबायच्या आधी डोकं लावा लागते, अन डोंगरावर अडकलेल्याले खाली काढता येते, समोरच्याले आपल्या टॉवरखाली ओढता येते. याले म्हणतात आयटम. ग्लिमर केपही तशीच, दोस्त गायब होते अन समोरच्या सपोर्टले डस्ट काढाच लागते. टँगो (रक्त भरून काढणारा) तं स्वस्तातली गोष्ट, पण आपल्यातला एक मिडवाल्याले (मधल्या रस्त्यावरच्या खेळाडूले) देता येते हे छोटंसं डिझाइन लय चांगलं आहे.

मेकॅन्झम मात्र बोर. बटन दाबलं, आजूबाजूच्या सगळ्यायचं रक्त वाढलं, झालं. त्यात ना निशाणा ना अंदाज. अन तो घ्याले गोल्ड जमते तवा समोरच्याचा कॅरी इतका मारते का तेवढ्या रक्तानं काही होत नाई. खरी अडचण इथंच आहे, आयटम वाईट नाहीत, भेटतात उशिरा. कॅरीची महागडी ब्लॅक किंग बार येते तोवर माझ्याजवळ नुसते स्वस्तातले बूट अन मॅजिक वँड.

लीग ऑफ लेजेंड्स या अशाच दुसऱ्या गेममध्ये यावर तोड काढली आहे. सपोर्टनं 400 गोल्डचा एक आयटम सुरुवातीलेच घ्याचा, खेळता खेळता तोच मोठा होते, वार्ड त्याच्यातच भरून येतात अन शेवटी पाच प्रकारातून आपल्याले पाहिजे तो निवडाचा. डोटात जसंच्या तसं नको, इथं दोघं सपोर्ट असतात अन हिरोही वेगळ्या तऱ्हेचे. पण एखादा आयटम असा द्या का जो गोल्डनं नाही तर कामानं वाढन: दोस्ताले वाचवलं, समोरच्याचा वार्ड फोडला, आपल्या वार्डमध्ये दिसलेला दुश्मन मेला, का त्याची ताकद थोडी वाढली. वार्ड फोडल्याचे पैसे आताही भेटतात, पण आपल्या वार्डमुळं किल झाली तं लावणाऱ्याच्या हातात काय?

अन सेंट्री ऑब्झर्व्हरसारखी फुकट करू नका, नाईतर पोट्टे जिथं तिथं लावतीन अन अदृश्य हिरोले काही अर्थच राहणार नाई. पहिल्या दोन फुकट द्या, पुढच्यायचे पैसे घ्या.

पाचपैकी साडेतीन. त्यातला एक पूर्ण फोर्स स्टाफचा.