चौरस फुटाच्या भावात बांधलेली शेड: लोखंड नेमकं कुठे गळतं

घरामागच्या मोकळ्या जागेत सुतारकाम, वेल्डिंग किंवा दुरुस्तीसाठी एक छोटी शेड हवी, असं ठरलं की फॅब्रिकेटर येतो, टेप लावतो आणि कागदावर एकच ओळ लिहून देतो: ‘१५ बाय १२ शेड, हेवी मटेरियल, अमुक रुपये स्क्वेअर फूट, सगळं धरून.’ फसवणूक बहुतेक वेळा या ओळीतच झालेली असते. पुढे जे घडतं ते फक्त अंमलबजावणी. ‘हेवी’ हे काही माप नाही, आणि ‘सगळं धरून’ यात काय धरलंय हे नंतर एकट्या कंत्राटदारालाच आठवतं.

खालचा हिशोब अशाच एका १५ बाय १२ फुटांच्या, एकाच बाजूला उतार असलेल्या शेडचा आहे. सहा खांब, पत्र्याचं छत, तळाला चार इंची काँक्रीट. तोंडी ठरलं होतं ते आणि जागेवर आलं ते, दोन्ही वजनात मांडलं की सगळं उघडं पडतं.

खांब ७२ बाय ७२ मिमीचे, ३.२ मिमी जाडीचे ठरले होते. आले २ मिमीचे. रंग मारल्यावर बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि टेप लावला तर दोन्ही ७२ च भरतात. चौकोनी पाइपचं वजन काढायला एक सोपं सूत्र आहे: बाजूतून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने गुणा आणि मग ०.०३१४ ने गुणा. हे मीटरमागे किलो. म्हणजे ३.२ मिमीचा ६ मीटर लांबीचा पाइप साधारण ४१.५ किलोचा, तर २ मिमीचा २६.४ किलोचा. एका नगामागे १५ किलो गायब. सहा खांबांना तीन नग लागतात, म्हणजे ४५ किलो.

आडव्या पट्ट्यांना आणि पर्लिनला, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या पाइपांना, ५० बाय २५ चा पाइप २ मिमी जाडीचा बोलला गेला होता. आला १.२ मिमीचा. वजन १३.४ ऐवजी ८.२ किलो. चौदा नगांत ७३ किलो गेले. खांब आणि पट्ट्या मिळून ११८ किलो. किलोला ७० रुपये धरले तरी सव्वाआठ हजार रुपये नुसत्या लोखंडात मारले, आणि ते मागायला कागदावर आधार काहीच नाही.

इथे गेजची गंमत कळायला हवी. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ: १० गेज म्हणजे साधारण ३.२ मिमी, १४ म्हणजे २, १६ म्हणजे १.६ आणि १८ म्हणजे १.२. ‘साहेब, चौदा बोललो होतो, सोळा दिलाय’ हे वाक्य उपकार केल्यासारखं म्हटलं जातं आणि ऐकणारा खूशही होतो. कोटेशनमध्ये गेज लिहू देऊ नका, मिलिमीटर लिहून घ्या.

खरं सांगायचं तर एवढ्या छोट्या शेडला २ मिमीचा खांब उभा राहायला पुरतो. ३.२ चे पैसे घेऊन २ चा देणं ही चोरी आहेच, पण शेड त्याने लगेच पडत नाही. पर्लिनमधला १.२ मिमीचा पाइप मात्र खरा धोका. त्यावर आर्क वेल्डिंग करताना भोक पडतं, म्हणून वेल्डर करंट कमी ठेवतो आणि टाका वरवर बसतो. वर रेड ऑक्साइडचा तांबडा अस्तर-रंग मारला की झाकलं. वळवाच्या वाऱ्यात छत उचललं जातं तेव्हा पाइप आधी मोडत नाही, जोड सुटतो. म्हणून रंगाचा हात लागण्याआधी प्रत्येक जोडावरची खपली हातोडीने झाडायला लावा आणि टाका चारही बाजूंनी सलग आहे का ते पाहा. खांबांची उघडी तोंडं कॅप लावून बंद झाली नाहीत, तर पाणी आत साठतं आणि पाइप आतून गंजतो. बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो.

पत्र्यात दांडी मारणं आणखी सोपं. ‘०.५० चा पत्रा’ म्हणताना रंग आणि जस्त-ॲल्युमिनियमचा थर धरलेला आहे की आतलं नुसतं पोलाद, हे कुणी सांगत नाही. थरासकट ०.५० असेल तर पोलाद साधारण ०.४५ मिमी किंवा त्याहून थोडं कमी निघतं. इतपत चालतं. पण ०.५० सांगून ०.४० चा उतरवला की आत ०.३५ च्या आसपास उरतं आणि त्यावर पाय ठेवला की पन्हळ बसते. तपासायला पुन्हा वजनच. १.२२ मीटर रुंदीच्या कॉइलमधून काढलेला १४ फुटी पत्रा ०.४५ पोलादाचा असेल तर १९ किलोच्या आसपास भरतो, ०.३५ चा असेल तर १५ च्या. भाजीवाल्याकडचा लटकता काटा पुरेसा आहे. पन्हळी पाडल्यावर आणि एकावर एक चढवल्यावर पत्रा रुंदीत प्रत्यक्षात मीटरभरच झाकतो. भाव झाकलेल्या क्षेत्राचा की आणलेल्या पत्र्याचा, हे आधीच लिहून घ्या.

स्क्रूंचा हिशोब कुणी करत नाही. या छताला सहा पत्रे आणि पाच पर्लिन. प्रत्येक पत्र्याला प्रत्येक पर्लिनवर चार स्क्रू धरले तर १२०, शिवाय पत्र्यांच्या बाजूच्या जोडांना वेगळे. प्रत्यक्षात साठेक मारले जातात, तेही काळ्या रबराऐवजी साध्या प्लॅस्टिक वॉशरचे. ते उन्हाने तडकतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात गळती सुरू होते. पत्रा ग्राइंडरने कापत असतील तर थांबवा. ठिणग्यांनी रंग जळतो आणि पत्र्यावर चिकटलेला लोखंडी कीस पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके उठवतो. पत्रा कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापायचा असतो.

जमिनीखाली जे होतं ते तर दिसतच नाही. या शेडला २ बाय २ बाय अडीच फुटांचे सहा खड्डे, म्हणजे ६० घनफूट काँक्रीट. तळाचं चार इंची काँक्रीट आणखी ६० घनफूट. एकूण १२० घनफूट, म्हणजे ३.४ घनमीटर. एम-२० या नेहमीच्या दर्जाच्या काँक्रीटला घनमीटरला सुमारे आठ गोण्या सिमेंट लागतं, म्हणून २७ गोण्या व्हायला हव्यात. रिकाम्या गोण्या मोजल्या तेव्हा १६ निघाल्या. उरलेली जागा डबर आणि मातीने भरलेली. कंत्राटदाराला रिकाम्या गोण्या नेऊ देऊ नका, त्या मोजूनच द्या. मिश्रणाचं माप ३५ लिटरच्या फरम्याने, म्हणजे मापाच्या खोक्याने, घ्या: एक गोणी सिमेंट, दीड फरमा वाळू, तीन फरमे खडी, पाणी साधारण २५ लिटर. मजूर फावड्याच्या अंदाजाने टाकत असेल तर पाणी नेहमी जास्तच पडतं, कारण पातळ माल ओढायला सोपा. वाळू ब्रासने घेताना ओली असेल तर ती फुगलेली असते. १०० घनफुटांचा ब्रास वाळल्यावर ८० च्या आसपास भरतो.

काळी माती असेल तर दीड फुटाचा खड्डा खोदून ‘मुरूम लागला’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन वर्षांत शटर अडकायला लागतं. खड्डा खऱ्या मुरमापर्यंत गेला पाहिजे, आणि तो उघडा असतानाच तुम्ही आत टेप सोडून फोटो काढला पाहिजे. खांब थेट काँक्रीटमध्ये पुरणं ही वेगळी चलाखी. त्यात बेसप्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी प्लेट) आणि बोल्ट वाचतात, पण पाइप जमिनीच्या रेषेवरच कुजतो. किमान ८ मिमी जाडीची प्लेट आणि काँक्रीटमध्ये फूटभर गेलेले चार बोल्ट मागा.

वायरमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम खपवतात. तारेचं टोक ब्लेडने खरवडलं की आत पांढरं दिसतं. ४ चौरस मिमीच्या ९० मीटर कॉइलमध्ये नुसतं तांबंच ३.२ किलो असतं, तेव्हा कॉइल हातात घेतली की वजन जाणवायला हवं. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे दोन एचपीची करवत लाकडात अडकली की वायर तापते. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि शेडचं स्वतंत्र अर्थिंग या ओळी कोटेशनमधून सहज गळून जातात.

यावर उपाय चौरस फुटाचा भावच न मानण्याचा. त्या भावात कंत्राटदाराचा फायदा पातळ मालात असतो. किलोच्या भावात उलटं, तो गरज नसताना वजन वाढवतो. म्हणून आधी चित्र आणि नगांची यादी, मग पाइप आणि पत्रा स्वतः दुकानातून वजनाच्या पावतीसह आणि जीएसटीच्या पक्क्या बिलावर, आणि फॅब्रिकेटरला फक्त मजुरी. मोठी उचल देऊ नका. मजुरीचे हप्ते पायाभरणी, सांगाडा आणि छत असे पाडा आणि शेवटचा चौथा हिस्सा पहिला दमदार पाऊस पडून जाईपर्यंत हातात ठेवा. ‘कच्च्या बिलात अठरा टक्के वाचतील’ हे वाक्य ऐकून पुढे गेलात, तर तक्रार करायला पुरावाच उरत नाही.

शेड आधीच उभी असेल तर खांबाला आतल्या बाजूने, कमरेच्या उंचीवर ६ मिमीचं एक भोक पाडा. टोकाला वाकवलेली तार आत घालून भोकाच्या आतल्या कडेला अडकवा, बाहेरच्या पृष्ठभागाशी खूण करा आणि अंतर व्हर्नियरने मोजा. ही पाइपची जाडी. भोक रबरी बूच बसवून बंद करा. कापून उरलेले पाइपचे तुकडे भंगारात जाऊ देऊ नका, त्यांच्या तोंडावर जाडी थेट मोजता येते. हे तुकडे, कोटेशन, पैसे दिल्याचे व्यवहार आणि फोटो जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी नोंद करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही.