डासाचं डोकं आणि हिरवा रंग: ४जी२ अँटिबॉडी आठ महिने वापरून

४जी२ ही व्हायरसला चिकटणारी, उंदरापासून बनवलेली अँटिबॉडी जूनपासून वापरतोय, आता लिहायला हरकत नाही. आम्ही सांगलीत बॅरल, कुंड्या, टायरवाल्यांची दुकानं असं फिरून एडिस डास पकडतो आणि त्यात डेंगी आहे का बघतो. डासाचं फक्त डोकं घ्यायचं, स्लाइडवर चिरडायचं, गार अ‍ॅसिटोनमध्ये १० मिनिटं ठेवायचं, मग ४जी२, मग एफआयटीसी (निळ्या उजेडात हिरवा चमकणारा रंग) लावलेली, ४जी२ला चिकटणारी अँटी-माऊस अँटिबॉडी, मध्ये मध्ये पीबीएसनं (खारट बफरनं) धुणं, की झालं. डोकंच का, तर पोटात नुकतंच प्यायलेलं रक्त असतं, तिथला व्हायरस त्या रक्तातलाही असू शकतो, पण डोक्यात सापडला म्हणजे डासाच्या अंगभर पसरलाय. उरलेलं धड फ्रीजरला, पीसीआरसाठी (व्हायरसची जनुकं शोधायची चाचणी).

सुरुवातीचे दोन महिने लय फजिती. गावभागातल्या एका डासाची स्लाइड हिरवीगार दिसली, मी अख्ख्या लॅबला बोलावलं, मॅडम आल्या, डोळा लावला आणि म्हणाल्या, "अरे, पहिली अँटिबॉडी, म्हणजे ४जी२, न घातलेली स्लाइड बघितलीस का?" बघितली, तर तीही तशीच चमकत होती! डासाचं कवच आपणहून चमकतं, पिवळट झाक असते त्याला. खरा पॉझिटिव्ह म्हणजे सायटोप्लाझममध्ये सफरचंदी हिरवे दाणे आणि मधलं केंद्रक काळं. त्यानंतर इव्हान्स ब्लू हा दुसरा रंगही वापरायला लागलो, बाकी सगळं लालसर दिसतं, मग डोळा फसत नाही, म्हणजे कमी फसतो.

दुसरी तक्रार अँटिबॉडीची नाही, आपल्या समजुतीची आहे. ४जी२ फ्लॅविव्हायरस घराण्याच्या ई प्रोटीनला (व्हायरसच्या आवरणातल्या) धरते, म्हणजे डेंगीचे चारही प्रकार, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल, सगळ्यांनाच. नुसत्या हिरव्यावरून 'डेंगी' लिहू नका. डेंगीचा टाइप २ वेगळा काढायला ३एच५ ही दुसरी अँटिबॉडी लागते. आणि चिकुनगुन्या यात दिसतच नाही, तो अल्फाव्हायरस, वेगळं घराणं.

लाईट गेली की माझा जीव वर-खाली, म्हणून अँटिबॉडी आल्या दिवशीच छोट्या छोट्या नळ्यांत वाटून फ्रीजरला ठेवली, रोजची तीच नळी वितळव-गोठव केली की ताकद जाते. स्लाइडही लगेच बघा. निळ्या उजेडात एकच जागा बघत बसलो की रंग विरतो, एकदा फोटो काढायला मोबाईल शोधेपर्यंत अर्धा गेला होता.

पीसीआरपेक्षा कमी पकडते हे खरं, पण ज्या पेशीत व्हायरस बसलाय ती पेशी डोळ्यांनी दिसते, त्याची मजा वेगळीच. पुढची बाटली मागवलीय, फक्त या वेळी मायक्रोस्कोपला एलईडी बसवून घेणारे, तो मर्क्युरीचा दिवा दर २००-३०० तासांनी बदलून वैताग आलाय.