भूस्थिर डिश १८ महिने, खालच्या कक्षेतली अँटेना ७ महिने: वापरानंतरचा अनुभव

डोंगरावरच्या आमच्या निरीक्षण केंद्रात मोबाइलला रेंज नाही आणि फायबर येण्याची आशाही नाही. पहिले ११ महिने सगळं काम भूस्थिर उपग्रहाच्या डिशवर चाललं. गेले ७ महिने तिच्या जोडीला खालच्या कक्षेतल्या उपग्रहांची सपाट अँटेना आहे. कंपन्यांची नावं देत नाही, कारण खाली लिहिलेलं बहुतेक सगळं कक्षेच्या उंचीतून येतं. कंपनी बदलली तरी ते तसंच राहील. म्हणून घेणाऱ्याने आधी कक्षा विचारावी, वेगाचे एमबीपीएस मागून.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि आकाशात एका जागी उभा दिसतो. डिश एकदा नीट रोखून बोल्ट आवळले की वर्षभर हात लावावा लागत नाही. हे सुख मोठं आहे. पण सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तराला पुन्हा तेवढाच. जवळपास अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात जातो आणि कितीही भारी मोडेम लावा, तो कमी होत नाही. आमचा पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, ६२० ते ६५० मिलिसेकंद असायचा.

फाइल उतरवताना हे जाणवत नाही, बोलताना जाणवतं. दोघं एकदम बोलू लागतात, एकदम गप्प होतात. शेवटी वाक्य संपलं की 'बोला' म्हणायची सवय लावून घेतली. दुसऱ्या केंद्राशी बोलणं तर नकोसं व्हायचं. तिथेही भूस्थिर डिशच होती आणि अशा जोडणीत दोन डिश एकमेकींशी थेट बोलत नाहीत, जमिनीवरच्या मधल्या केंद्रामार्गे (हब) बोलतात. आवाज दोनदा वर-खाली जातो. विचारलेल्याचं उत्तर यायला सेकंदाहून जास्त.

व्हीपीएनचं (कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारा सांकेतिक, बंदिस्त मार्ग) मात्र मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. एवढ्या उशिरातही वेग टिकावा म्हणून मोडेम समोरून पोचपावती यायची वाट न पाहता आपल्या संगणकाला स्वतःच पोचपावती देतो. व्हीपीएन लावला की सगळं सीलबंद होतं, मोडेमला आतलं दिसत नाही आणि ही युक्ती बंद पडते. आमचा वेग चौथाईवर यायचा. कार्यालयाचं काम व्हीपीएनवर असेल तर डिश घेण्याआधी एवढं तपासाच.

विषुवदिनाच्या आसपास आणखी एक प्रकार झाला. काही दिवस रोज ठरावीक वेळी काही मिनिटं लिंक जायची. मी कनेक्टर काढून पुन्हा बसवले, केबलही बदलली. दोष कशातच नव्हता. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात सिग्नल बुडतो. वर्षातून दोनदा होतं, वेळ आधी काढता येते.

नवी अँटेना ज्या उपग्रहांशी बोलते ते साधारण ५५० किलोमीटरवर आहेत. पिंग ३५ ते ४५. पहिल्याच व्हिडिओ कॉलला कुणी 'बोला' म्हणालं नाही आणि मला खरंच भरून आलं. पण इथे उपग्रह एका जागी थांबत नाही. साधारण ९५ मिनिटांत तो पृथ्वीची फेरी मारतो, आपल्या डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो. अँटेनाला सतत एक सोडून दुसरा पकडावा लागतो आणि त्यासाठी तिला मोकळं, रुंद आकाश लागतं. डिशला एका रेषेपुरती फट पुरत होती. इथे कडेच्या एका झाडामुळे दर काही मिनिटांनी दोन-चार सेकंदांचा खंड पडायचा. ब्राउझरमध्ये कळायचं नाही, कॉल मात्र अडकायचा. विजेचंही पाहा: जुना संच ३० वॉटच्या आसपास, नवा ६० ते ७०. सोलरवर चालणाऱ्या जागी हा फरक ढगाळ आठवड्यात फार महागात पडतो. मुसळधार पावसात दोन्ही ढेपाळतात.

शिवाय एवढ्या खाली थोडं का होईना वातावरण आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौर वादळाने ते फुगलं आणि स्टारलिंकने आणखी खालच्या कक्षेत नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी बहुतेक खाली ओढले जाऊन जळाले. भूस्थिर उपग्रह १५ वर्षं सहज टिकतो. इथे साधारण ५ वर्षांत बदल धरूनच हिशेब करतात. आपल्या छतावर यातलं काही दिसत नाही, पण सेवा टिकणार की नाही हे यावरच ठरतं.

मधला पर्यायही आहे. ओथ्रीबी या सेवेचे उपग्रह सुमारे ८,००० किलोमीटरवर फिरतात, पिंग दीडशेच्या आसपास येतो. पण दोन मागोवा घेणाऱ्या डिश लागतात, आमच्यासारख्या छोट्या केंद्राला ते झेपणारं नाही. आणीबाणीसाठी मात्र इरिडियमचा उपग्रह-फोन ठेवला आहे: ७८० किलोमीटरवरचे ६६ उपग्रह, ध्रुवावरही चालतो आणि त्याच्या एल बँडला (कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींना) पावसाची फारशी पर्वा नसते.

आता सेन्सरची आकडेवारी रात्री डिशवरून जाते, कारण तिला घाई नसते. दिवसाचे कॉल आणि व्हीपीएन नव्या अँटेनावर. बॅटरी ४० टक्क्यांच्या खाली गेली की नवी अँटेना आपोआप बंद होते आणि सगळं पुन्हा डिशवर येतं. झाड तोडलं नाही. खांब दीड मीटर उंच केला. तेव्हापासून दिवसाला एखाद-दुसरा खंड पडतो.