कागद पडण्याच्या प्रयोगाचं किट : सामान झकास, पत्रक कच्चं

लेकीला शाळेत प्रयोग करून दाखवायचाय, विषय तिनेच निवडला, कागदाच्या वस्तू खाली पडायला किती वेळ घेतात, म्हणून हे किट ऑनलाइन मागवलं. आठवडाभर रोज संध्याकाळी तेच चाललंय घरात. ५ पैकी ३ स्टार, त्यातले दोन नुसते कागदी वाट्यांचे.

डब्यात कागदी हेलिकॉप्टरचे छापील टेम्प्लेट, चुण्यावाल्या पातळ कागदी वाट्या, यू-पिना, मोजपट्टी, छोटं स्टॉपवॉच आणि माहितीपत्रक. टेम्प्लेटची छपाई खरंच चांगलीये, कापायच्या रेषा ठळक आणि घडीच्या तुटक, पोरीने एकदाही मला हाक न मारता सगळं कापलं.

घोळ पुढे आहे. पत्रकात लिहिलंय की मोठ्या पंखांचं हेलिकॉप्टर हळू उतरेल, आणि आमचं मोठंवालं दर वेळी आधी खाली. तीनचारदा केलं तरी तेच. मला वाटलं आपणच घडी चुकवली असेल, तेवढ्यात लेक दोन्ही हातात धरून म्हणाली, बाबा, हे मोठंवालं जाडंय. बघतो तर खरंच, लहान टेम्प्लेट साध्या कागदावर आणि मोठं कार्डशीटवर छापलंय! अहो एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा तर प्रयोगाचा पहिला नियम, इथे पंखही बदलले आणि जाडीही बदलली, मग वेळ कशामुळे बदलला ते कसं कळणार. शेवटी टेम्प्लेट बाजूला ठेवून दोन्ही साध्या ए४ कागदातून कापली, दोघांना एकेक यू-पिन, फक्त पंखांची लांबी वेगळी, तेव्हा कुठे लांब पंखवालं नीट गरगरत मागे राहिलं.

दुसरं म्हणजे उंची. पत्रक म्हणतं १ मीटरवरून सोडा. १ मीटरवरून कागदाचा बोळा अर्ध्या सेकंदाच्या आतच जमिनीवर असतो, आणि डोळ्याने बघून बोटाने बटण दाबायलाच माणसाला जवळपास पाव सेकंद जातो, म्हणजे आपण कागद मोजतोय का स्वतःचं बोट तेच कळत नाही. आम्ही जिन्यात गेलो, मी वर, ती खाली, साधारण ३ मीटर. तरी तेच हेलिकॉप्टर १.९, २.३, २.१ सेकंद असं आलं, सरासरी २.१. आणि पत्रकातल्या तक्त्यात प्रत्येक वस्तूपुढे रकाना एकच! म्हणजे एकदाच सोडा, लिहा, मोकळे व्हा. तिने पट्टीने रेघा मारून पाच रकाने केले. बोळ्यासाठी मात्र स्टॉपवॉच सोडूनच दिलं, मोबाईलवर स्लो मोशन घेतलं आणि फ्रेम मोजल्या, सेकंदाला १२० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे १/१२० सेकंद. पंखा बंद ठेवा हे पण पत्रकात कुठे नाही, आमचा पहिला दिवस त्यातच गेला 😅

आता वाट्या. एक वाटी सोडली की ती न उलटता, न भरकटता, अगदी सरळ सावकाश खाली येते, सपाट कागदासारखी कपाटाखाली पळत नाही. चार वाट्या एकात एक घातल्या तर वजन चौपट पण आकार तोच, आणि वेग साधारण दुप्पट होतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. म्हणून एक वाटी १ मीटरवरून आणि चारांची चळत २ मीटरवरून एकदमच सोडली तर दोन्ही जवळजवळ एकदमच टेकतात. घड्याळ नको, नुसते कान द्यायचे, टप असा एकच आवाज. शाळेत हेच दाखवायचं ठरलंय.

पण ह्याच प्रयोगाखाली पत्रकाने काय लिहावं, तर "जड वस्तू लवकर पडते". १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकदमच टेकले, कारण तिथे हवाच नाही, तो व्हिडिओ पोरीने बघितलाय हो! तिने लगेच ए४ चा एक अख्खा कागद आडवा धरला, ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ८० ग्रॅम) म्हणजे साधारण ५ ग्रॅम, दुसऱ्या हातात अर्ध्या कागदाचा बोळा, अडीच ग्रॅम. निम्म्या वजनाचा बोळा आधी पडला. पत्रकातल्या त्या वाक्यावर आता पेनाने फुली आहे.

विकणाऱ्याला कार्डशीटचं कळवलं, अजून उत्तर नाही. स्टॉपवॉचचा सेल पाचव्याच दिवशी संपला आणि कोणता सेल लागतो ते डब्यावर कुठेच लिहिलेलं नाही, कोणी उघडून बघितलं असेल तर प्लीज सांगा, शुक्रवारी प्रयोग आहे.