डिजिटल रेंजफाइंडर घेताना : कोणती उणीव परवडेल आणि कोणती नाही

रेंजफाइंडर पद्धतीचा, म्हणजे दोन ठिकाणांहून दिसणाऱ्या प्रतिमा हाताने जुळवून फोकस करायचा डिजिटल कॅमेरा घ्यायचा ठरवले, तर बाजारात पर्याय मोजकेच आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकात काही ना काही कमी आहे. कॅमेऱ्याचे वेड कोल्हापूरला जुनेच आहे; बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात स्वतः घडवला होता. त्यामुळे येथे या कॅमेऱ्यांची चौकशी करणारे अधूनमधून भेटतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "एवढ्या पैशात यात अमुक सोय का नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र प्रत्येक उणिवेसाठी वेगळे द्यावे लागते, कारण काही उणिवा रेंजफाइंडरच्या रचनेतच आहेत आणि कोणतेही मॉडेल घेतले तरी त्या टळणार नाहीत, काही एखाद्या मॉडेलपुरत्या आहेत, तर काही सोयी कंपनीने विचारपूर्वक वगळलेल्या आहेत. हा फरक लक्षात न घेता केलेली खरेदी पुढे महागात पडते.

प्रथम रचना पाहू. लायका या जर्मन कंपनीच्या एम मालिकेच्या कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरची (डोळा लावून पाहायच्या खिडकीची) काच आणि रेंजफाइंडरची छोटी खिडकी यांच्यात सुमारे 69 मिलिमीटर अंतर असते. या दोन ठिकाणांहून दिसणाऱ्या प्रतिमा व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी एका उजळ चौकोनात एकमेकींवर पडतात आणि लेन्सची कडी फिरवून त्या तंतोतंत जुळवल्या की फोकस झाला. जुन्या तालमीत भल्या सकाळी, एखाद्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. पैलवानाच्या चुरगळलेल्या कानाची कड त्या चौकोनात आधी दुहेरी दिसते, कडी थोडी फिरवताच दोन्ही कडा एक होतात आणि त्याच वेळी चौकटीबाहेरून झेप घेणारा जोडीदारही डोळ्यांना दिसत असतो. छायाचित्र टिपताना व्ह्यूफाइंडर काळा पडत नाही, म्हणून नेमका क्षण हाती लागला की नाही हे तत्काळ कळते. 28 ते 50 मिलिमीटरच्या लेन्सने (आकडा मोठा तितके दृश्य जवळ ओढले जाते), माणसांच्या जवळ राहून, मंद प्रकाशात काम करणाऱ्याला या पद्धतीचा खरा लाभ होतो.

या लाभाची किंमत अशी की व्ह्यूफाइंडरला लेन्समधले दृश्य दिसतच नाही. चौकटीच्या रेषा केवळ अंदाज देतात. जवळच्या वस्तूवर फोकस करताना त्या खाली व उजवीकडे सरकतात, पण त्यांचा आकार बदलत नाही. लायका एम9 मध्ये त्या एक मीटर अंतरासाठी आखलेल्या होत्या, तर 2012 साली जाहीर झालेल्या एम टाइप 240 पासून दोन मीटरसाठी. त्यामुळे दूरचे दृश्य टिपताना चित्रात रेषांबाहेरचाही भाग येतो, आणि एम9 मध्ये तो अधिक येतो. पंचगंगेच्या घाटावर समोरच्या दीपमाळा चौकटीत अगदी कडेला बसवल्या, तरी प्रत्यक्ष चित्रात त्यांच्या बाहेर बरीच जागा उरलेली दिसेल. सरावाने हा हिशेब डोळ्यांत बसतो. वास्तू किंवा उत्पादनांची काटेकोर छायाचित्रे काढणाऱ्याने मात्र या सरावाच्या भरवशावर राहू नये.

रेंजफाइंडर साधारणपणे 70 सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस जुळवू शकत नाही. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचे किंवा कोल्हापुरी चपलेच्या वेणीचे जवळून चित्र घ्यायचे असेल, तर स्क्रीनवर पाहून फोकस करण्याची सोय आणि त्याला साजेशी लेन्स या दोन्ही हव्यात. दुसऱ्या टोकाला चौकटी 135 मिलिमीटरपर्यंतच आहेत, आणि तीही चौकट व्ह्यूफाइंडरमध्ये इतकी लहान दिसते की चेहऱ्यावरचे भाव वाचणे कठीण जाते. खासबाग मैदानात प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून कुस्ती टिपणाऱ्यासाठी हा कॅमेरा नाही, हे मी निःसंकोच सांगतो. चष्मा वापरणाऱ्यांना 28 मिलिमीटरची चौकट एका नजरेत पूर्ण दिसत नाही. डोळ्याच्या नंबरानुसार फिरवायची कळही नाही. वेगळी काच विकत घेऊन बसवावी लागते.

आता डिजिटलपणातून आलेल्या अडचणी. एम माउंट, म्हणजे या मालिकेच्या लेन्स बसवण्याचा जोड, 1954 सालचा आहे आणि त्यात लेन्सची बैठक फिल्मपासून अवघ्या 27.8 मिलिमीटरवर असते. वाइड लेन्समधून कोपऱ्यांकडे येणारी किरणे फार तिरपी येतात. फिल्मला त्याचे फारसे वावडे नव्हते. सेन्सरवर मात्र कोपरे काळवंडतात, रंग बिघडतात आणि सेन्सरवरील काच जाड असेल तर तपशीलही विस्कटतो. म्हणून काच पातळ ठेवणे भाग पडले. 2006 सालच्या एम8 मध्ये या पातळ काचेने अवरक्त किरण पुरेसे अडवले नाहीत, आणि कृत्रिम धाग्याचे काळे कापड जांभळट दिसू लागले. लग्नातील काळा कोट किंवा छत्री तपकिरी-जांभळी आलेली कोणत्याही गिऱ्हाइकाला चालणार नाही. कंपनीने त्या वेळी ग्राहकांना लेन्सवर लावायचे दोन फिल्टर मोफत दिले, पण आज सेकंडहँड एम8 घेणाऱ्याला प्रत्येक लेन्ससाठी तो फिल्टर स्वतः मिळवावा लागेल. शिवाय त्याचा सेन्सर पूर्ण फ्रेमचा, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा, नसल्यामुळे 35 मिलिमीटरची लेन्स साधारण 47 मिलिमीटरसारखी वागते. केवळ कृष्णधवल काम करणाऱ्याला एम8 अजूनही उपयोगी पडेल. इतरांना मी तो सुचवणार नाही.

2009 सालचा एम9 हा पूर्ण फ्रेमचा पहिला डिजिटल रेंजफाइंडर होता. 18 मेगापिक्सेलच्या त्याच्या सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे रंग अनेकांना आजही भुरळ घालतात, आणि कमी आयएसओवरची (म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता कमी ठेवून काढलेली) त्याची चित्रे खरोखर देखणी असतात. मात्र या सेन्सरवरील काच ओलाव्याने हळूहळू खराब होते, हे पुढे उघड झाले. सरसकट मोफत सेन्सर बदलून देण्याची मुदत 2017 साली संपली. ज्या गावात जून ते सप्टेंबर हवा ओली असते आणि कपाटातल्या लेन्सलाही बुरशी धरते, तेथे हा दोष नजरेआड करता येत नाही. सेन्सर नव्या प्रकारच्या काचेचा बसवला असल्याचा कागद विक्रेत्याने दाखवला, तरच एम9 चा विचार करावा. कागद नसेल तर स्वस्तातला एम9 स्वस्त राहत नाही. त्यातच आयएसओ 2500 ही त्याची कमाल मर्यादा आहे आणि तालमीतील उजेडात ती लवकर गाठली जाते; मागची स्क्रीनही फोकस तपासण्याइतकी स्पष्ट नाही.

एप्सनचा आर-डी1 या सर्वांच्या आधीचा, 2004 सालचा. कोसिना या जपानी कंपनीच्या बॉडीवर बेतलेला, काट्यांच्या तबकड्यांतून बॅटरी व शिल्लक चित्रे दाखवणारा, आणि शटर सज्ज करण्यासाठी प्रत्येक वेळी खटका ओढायला लावणारा हा कॅमेरा मला मनापासून आवडतो. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये वस्तू मूळ आकारातच दिसतात, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून काम करता येते. पण सेन्सर 6 मेगापिक्सेलचा, रेंजफाइंडरची खिडकी लायकापेक्षा बरीच जवळ म्हणून फोकस कमी अचूक, आणि सुरुवातीच्या मॉडेलला 2 जीबीपेक्षा मोठे कार्ड चालत नाही. पोट भरण्याच्या कामासाठी तो घेऊ नये.

खरी निवड एम टाइप 240, एम10 आणि एम11 या तिघांतच होते. टाइप 240 मध्ये सीमॉस या नव्या प्रकारचा सेन्सर आला आणि त्याबरोबर लाइव्ह व्ह्यू (लेन्समधले दृश्य स्क्रीनवर पाहण्याची सोय), कडा रंगवून दाखवणारा फोकस आणि व्हिडिओही आला. एम मालिकेत व्हिडिओ पहिल्यांदा येथे आला, आणि एम10 पासून कंपनीने तो काढून टाकला. टाइप 240 ची 1800 मिलिअँपिअर-अवरची बॅटरी दिवसभर साथ देते. त्याचा तोटा म्हणजे जाडी, जी 42 मिलिमीटर आहे. 2017 साली आलेल्या एम10 मध्ये ती साडेअडतीसवर आली. हाताला हा फरक आकड्यापेक्षा मोठा जाणवतो. मात्र ती जाडी कमी करताना बॅटरीला कात्री लागली आणि ती 1100 मिलिअँपिअर-अवरची झाली. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर पहाटे चढून संध्याकाळी उतरणाऱ्याने एम10 सोबत दोन जास्तीच्या बॅटऱ्या बाळगाव्यात. व्ह्यूफाइंडरमधील प्रतिमा 0.68 पटीवरून 0.73 पट झाली, म्हणजे फोकसची अचूकता थोडी वाढली. आयएसओची स्वतंत्र तबकडीही आली. ती कॅमेरा बंद असतानाही वाचता येते आणि मेनूत शिरण्याची गरज उरत नाही. माझ्या मते रेंजफाइंडर म्हणून आजवरच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांत एम10 सर्वांत समतोल आहे.

2022 साली आलेल्या एम11 चा सेन्सर 60 मेगापिक्सेलचा आहे, आणि 36 किंवा 18 मेगापिक्सेलच्या फाइलींचीही सोय आहे. कार्डाखेरीज आतच 64 जीबी जागा आहे, बॅटरी पुन्हा मोठी झाली, आणि खालचे झाकण काढून मगच बॅटरी बदलण्याची जुनी कटकट गेली. काळ्या रंगाची अॅल्युमिनियमची बॉडी 530 ग्रॅमची आहे, तर पितळी माथ्याची चंदेरी 640 ग्रॅमची. पण एक बदल कोल्हापूरकराने नीट समजून घ्यावा. एम10 प्रकाश मोजतो तो शटरच्या पात्यांवरून परतणाऱ्या उजेडावरून, म्हणजे शटर बंद असताना. एम11 प्रकाश थेट सेन्सरवर मोजतो, म्हणून कॅमेरा चालू असेपर्यंत शटर उघडे राहते. जोतिबावर गुलालाचा धुरळा उडत असताना कॅमेरा बंद न करता लेन्स बदलली, तर तो गुलाल सरळ सेन्सरवर बसेल. सेन्सरवरची धूळ हलवून झटकण्याची यंत्रणा एम कॅमेऱ्यांत नाही, आणि इतर कंपन्यांचे त्यापेक्षा कितीतरी स्वस्त कॅमेरे ती देतात, ही गोष्ट मला खटकते. दुसरे असे की 60 मेगापिक्सेलवर फोकसमधली आणि हाताच्या कंपनाची बारीक चूकही उघडी पडते, आणि बॉडीत कंपन रोखणारी यंत्रणा नाही. तालमीत हातात धरून काम करणाऱ्याने 36 मेगापिक्सेलवरच काम करावे, असा माझा सल्ला आहे.

पावसाचा प्रश्न तिघांनाही लागू आहे. या लेन्सच्या जोडावर पाणी अडवणारे रबर नसते, त्यामुळे गगनबावड्याच्या पावसात हा कॅमेरा उघडा बाहेर काढण्याचे धाडस करू नये.

काही मॉडेलांत मागची स्क्रीनच वगळली आहे. एम10-डी आणि एम11-डी ही त्याची ठळक उदाहरणे. चित्र काढल्यावर लगेच मान खाली घालण्याची सवय मोडते, हे त्यांचे समर्थन मला पटते. पण रेंजफाइंडर थोडासा सरकला असेल तर ते घरी पोहोचेपर्यंत कळत नाही, हा धोकाही तितकाच खरा आहे. फ्रान्समधील बझाँसाँ येथील पिक्सी कॅमेऱ्यात स्क्रीन नाही, कार्डाची खाचही नाही. चित्रे आतल्या साठ्यात राहतात आणि मोबाइलवर पाहावी लागतात. थेट कृष्णधवल रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल देण्याची त्याची सोय वेगळी आणि मोलाची आहे. मात्र त्यात यांत्रिक शटर नाही, सगळे काम इलेक्ट्रॉनिक शटरवर चालते. त्यामुळे वेगवान डावात हात-पाय तिरके ताणलेले येऊ शकतात आणि काही दिव्यांखाली चित्रात पट्टे उमटतात. मंडपातील एलईडी दिव्यांखाली काम करणाऱ्याने हे आधी तपासावे.

फुजीफिल्मचे एक्स-प्रो आणि एक्स100 मालिकेतील कॅमेरे दिसायला याच घराण्यातले वाटतात, पण त्यांत रेंजफाइंडर नाही. काचेच्या व्ह्यूफाइंडरवर इलेक्ट्रॉनिक चौकट उमटते आणि फोकस कॅमेरा स्वतः करतो. एक्स-प्रो2 आणि एक्स-प्रो3 यांना पाणी-धुळीपासून संरक्षणही आहे. चौकटीबाहेरचे दिसावे एवढीच ओढ असेल, तर रेंजफाइंडरचा हट्ट धरण्याचे कारण नाही. लग्नसमारंभात तर ऑटोफोकस हीच पहिली गरज असते. 2025 साली लायकानेही एम ईव्ही1 मध्ये रेंजफाइंडर काढून इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवला. एम लेन्स हाताशी आहेत पण चौकोनातील दोन प्रतिमा जुळवणे डोळ्यांना जमत नाही, अशा वयस्कर छायाचित्रकारांना त्याचा मोठा आधार वाटेल.

तेव्हा माणसांमध्ये मिसळून, दोन-तीन लहान लेन्सवर आयुष्य काढायची तयारी असलेल्याने सेकंडहँड एम10 शोधावा; व्हिडिओ किंवा बॅटरी महत्त्वाची असेल आणि खर्च आवरायचा असेल, तर टाइप 240. एम11 चा जास्तीचा खर्च मोठे प्रिंट काढणाऱ्यालाच सार्थकी लागतो. एकच कॅमेरा घेऊन त्यावर लग्ने, कुस्तीची मैदाने आणि दागिन्यांची कॅटलॉग असे सगळे करायचे असेल, तर यांपैकी कोणताही घेऊ नये.

सेकंडहँड व्यवहार प्रत्यक्ष भेटून, दिवसाउजेडी करावा. रंकाळ्याच्या काठावर उभे राहून लेन्स अनंतावर (सर्वांत दूरच्या फोकसवर) लावावी आणि दूरच्या एखाद्या मनोऱ्याची उभी कड चौकोनात एक होते का ते पाहावे. वर-खाली फरक दिसला तरी नोंद घ्यावी. मग एक मीटरवर, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून, तिरप्या ठेवलेल्या छापील मजकुराचे चित्र काढावे आणि ज्या ओळीवर फोकस केला तीच ओळ स्पष्ट आली का ते तपासावे. शेवटी छिद्र एफ16 पर्यंत लहान करून कोऱ्या आकाशाचे चित्र घेऊन मोठे करून पाहावे. फुंकणीने न जाणारे, भोवती वलय असलेले ठिपके एम9 मध्ये दिसले तर व्यवहार तेथेच थांबवावा. रेंजफाइंडर किंचित सरकलेला असणे हा दुरुस्त होणारा दोष आहे, पण त्यासाठी कॅमेरा कोल्हापूरबाहेर पाठवावा लागेल; तो खर्च आणि मधले कॅमेऱ्याविना जाणारे दिवस किमतीतून वजा करूनच आकडा ठरवावा.