पंधरा अंक जुळेपर्यंत एक युरोही पाठवू नका

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घ्यायला आलेला जाणता माणूस भाव नंतर विचारतो. आधी ओठ उचलून दात बघतो, अंगावरचे भोवरे बघतो, चारी खूर उचलायला लावतो आणि मग टणक जमिनीवर घोडा दुडक्या चालीनं पळवून घेतो. तोच घोडा नेदरलँड्समध्ये किंवा स्पेनमध्ये असला आणि घेणारा न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये बसलेला असला, की यातलं काहीच होत नाही. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, मोबाइलवर आलेले दोन एक्स-रे, गोड बोलणारा दलाल आणि बँकेचा खाते क्रमांक, एवढ्यावर वीस-पंचवीस हजार युरो जातात. अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या मुलीही घोडेस्वारी शिकतात, आणि एखादीला काळ्याभोर डच फ्रिजियन किंवा पांढऱ्याशुभ्र स्पॅनिश अँडालुशियन जातीच्या घोड्याचं वेड लागलं की आईबापांची नजर युरोपकडे वळते. फसवणूक नेमकी कुठे होते, ते अशा घरांसाठी लिहीत आहोत.

सगळ्यात उघड प्रकार म्हणजे घोडाच नसतो. जाहिरातीत सात-आठ वर्षांचा फ्रिजियन, खच्ची केलेला, शांत, लहान मुलांनाही चालेल असा, आणि किंमत सहा-सात हजार युरो. शिकवलेला, निरोगी फ्रिजियन या भावात मिळत नाही. स्वस्त का, याचं कारणही तयार असतं: मालक वारला, मुलगी शिकायला परगावी गेली, घोडा चांगल्या घरी पडावा एवढीच इच्छा आहे. फोटो दुसऱ्याच कुणाच्या तबेल्यातून उचललेले असतात. आगाऊ रक्कम मिळाली की ‘वाहतूक कंपनी’ पुढे येते. ती त्याच माणसाची असते. मग रोज नवं बिल. विमानात लागणारी खास पेटी, तिच्यावरची परत मिळणारी अनामत, विमा, राहून गेलेली लस, विमानतळावर अडकलेल्या घोड्याचा चारा.

खरी वाहतूक कशी चालते हे माहीत असलं तर हा प्रकार पहिल्या बिलालाच ओळखू येतो. घोडा विमानात उभा राहून जातो. एका मोठ्या कप्प्यात एक ते तीन घोडे असतात, पुढ्यात गवताची जाळी असते आणि सोबत मोतद्दार प्रवास करतो. उड्डाण ॲमस्टरडॅम, लीज, फ्रँकफर्ट अशा ठरावीक विमानतळांवरून होतं. वाहतूकदार सुरुवातीलाच एकत्रित अंदाज देतो. युरोपातून न्यूयॉर्कपर्यंत, विलगीकरण धरून, साधारण आठ ते बारा हजार डॉलर. पेटी विकत घ्यावी लागत नाही आणि परत मिळणारी अनामत नावाची गोष्टच नसते. वाहतूकदार तुम्हीच शोधा, विकणाऱ्यानं सुचवलेला घेऊ नका. डच व्यापारी असेल तर त्याचा आठ आकडी नोंदणी क्रमांक तिथल्या ‘कामर फान कोपहांडल’ या व्यापार मंडळाकडे तपासता येतो. खाते क्रमांकाची पहिली दोन अक्षरंही बघा: डच खातं एनएल, स्पॅनिश ईएस, जर्मन डीई. घोडा नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतात, खातं लिथुआनियात आणि नाव तिसऱ्याचंच, असं असेल तर तिथेच थांबा. आणि सौदा अगदी खऱ्या माणसाशी असला तरी ‘आमचं खातं बदललं आहे’ असा मेल आला, तर आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे सोडू नका. मेल फोडून मधेच बिलावरचा खाते क्रमांक बदलणारे वेगळेच असतात.

खरा धोका मात्र घोडा असतो तेव्हाचा. घोडा खरा, तबेला खरा, विकणाराही नावाजलेला. फक्त तुम्हाला दाखवलेला घोडा आणि तुमच्या दारी उतरणारा घोडा यांत फरक. इथे एकच दोरा धरून चालायचं, तो म्हणजे चिपचा क्रमांक. युरोपीय संघात १ जुलै २००९ नंतर नोंदवल्या जाणाऱ्या प्रत्येक घोड्याला चिप बंधनकारक आहे. ती मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली, डोकं आणि खांदा यांच्या साधारण मधोमध टोचलेली असते. क्रमांक १५ अंकी. पहिले तीन अंक देशाचे असू शकतात, नेदरलँड्स ५२८, स्पेन ७२४, जर्मनी २७६, किंवा चिप बनवणाऱ्याचे, तेव्हा ते ९ नं सुरू होतात. ९ दिसला म्हणून दचकू नका. हाच क्रमांक घोड्याच्या पासपोर्टात असतो. व्हिडिओ, एक्स-रे, रक्ताची नळी, तपासणीचा अहवाल, करारनामा, सगळ्यांवर हेच १५ अंक असले पाहिजेत. जिथे ते नाहीत तिथे तो कागद कुठल्या घोड्याचा आहे हे सांगता येत नाही.

एक्स-रेचंच घ्या. खऱ्या चित्राच्या कोपऱ्यात घोड्याचं नाव किंवा चिप, तारीख, दवाखाना आणि डावा पाय की उजवा हे छापलेलं असतं. फसवायचं असेल तेव्हा संगणकाच्या पडद्याचा मोबाइलनं काढलेला फोटो येतो, आणि कोपरा नेमका कापलेला असतो. असा फोटो म्हणजे काहीच नाही. दवाखान्याकडून थेट तुमच्याकडे डायकॉम, म्हणजे एक्स-रे यंत्राच्या स्वरूपातल्या मूळ फाइल मागवा आणि त्या तुमच्या ओळखीच्या, अमेरिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरला दाखवा. चार-सहा चित्रांवर भागवू नका. चारी पायांचे खालचे सांधे, पुढच्या खुरांतलं होडीच्या आकाराचं नेव्हिक्युलर हाड, मागच्या पायांचे मधले आणि वरचे सांधे (हॉक आणि स्टायफल), आणि पाठ. सगळं धरून वीसच्या वर चित्रं होतात. पाठ सोडू नका. मणक्यांचे वरचे काटे एकमेकांना घासत असले तर घोडा नुसता हातानं धरून चालवताना ठीक दिसतो आणि खोगीर चढलं की बिघडतो.

तपासणारा डॉक्टर विकणाऱ्याचा नेहमीचा नको. दुसऱ्या गावचा, तुम्ही निवडलेला, तुम्ही पैसे दिलेला हवा. ‘आमच्या घोड्याची तपासणी गेल्या महिन्यातच झाली आहे’ हे वाक्य ऐकलं की नवी तपासणी करा. त्या दिवशी डॉक्टरनं स्वतः चिप वाचावी, एकेक पाय साधारण मिनिटभर दुमडून धरून लगेच घोडा दुडक्या चालीनं पळवावा, टणक जमिनीवर दोन्ही दिशांना गोल फिरवावा. आणि रक्त काढून ठेवावं. हे न चुकता करा. ब्यूट नावाचं दुखणं दाबणारं औषध दिलं की लंगडा घोडा तेवढ्यापुरता सरळ चालतो. गुंगीचं औषध दिलं की भडकू घोडा मुलांचा घोडा होतो. रक्ताची नळी सीलबंद करून साधारण सहा महिने ठेवता येते. घोडा आल्यावर स्वभाव किंवा चाल बदलली तर तीच नळी तपासायची. रक्त काढायला विकणारा नकार देत असेल तर त्या नकारातच उत्तर आलं.

एक गोष्ट क्वचित होते, पण कळायला कठीण म्हणून सांगतो. पुढच्या खुराच्या मागच्या भागात जुनाट दुखणं असलं तर तिथली नस कापतात. घोड्याला दुखत नाही, म्हणून तो लंगडत नाही, पण आतला रोग वाढतच राहतो आणि पुढे खुरातला मोठा स्नायूबंध तुटूही शकतो. डॉक्टरला सांगून खुराच्या टाचेवरची मऊ जागा पेनच्या बोथट टोकानं दाबून बघायला लावा. धड घोडा पाय झटकतो किंवा उचलतो. नस कापलेला तसाच उभा राहतो. खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला, केस बाजूला करून दोन्हीकडे बारीक व्रण आहेत का तेही बघायचं.

व्हिडिओ बघताना घोड्याची आयाळ बघू नका, डोकं बघा. पुढचा पाय दुखत असला तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली टाकतो. हे फक्त दुडक्या चालीत, सरळ रेषेत, टणक जमिनीवर स्पष्ट दिसतं. म्हणूनच विकाऊ व्हिडिओत मऊ वाळू असते, घोडा चौखूर असतो, वेग मंद केलेला असतो आणि वर संगीत असतं. तुम्ही थेट व्हिडिओ कॉल मागा आणि क्रम तुम्ही सांगा. पहिल्यांदा डाव्या मानेवर चिप वाचणारं यंत्र फिरवून आकडा कॅमेऱ्यासमोर धरायचा, लगेच पासपोर्टाचं पान. मग ‘मागचा डावा पाय उचला’, ‘विटांच्या रस्त्यावर पळवा’, ‘आता खोगीर चढवा’. खोगीर आवळताना कान मागे जातात का, तोंड वळवतो का, हे कुठल्याही जाहिरातीत दिसणार नाही.

कागदांचा घोळ वेगळा. पासपोर्ट हातात आला म्हणजे मालकी आली, असं नाही. जर्मनीत पासपोर्टाशिवाय मालकीचा स्वतंत्र दाखला असतो, ‘आयगेनटुम्सउर्कुंडे’. तो मिळाल्याशिवाय बाकी रक्कम देऊ नका. स्पेनच्या शुद्ध जातीच्या घोड्याची वंशनोंद २००७ पासून ‘आन्से’ ही संस्था सांभाळते, आणि तिथेही मालकीचं वेगळं पत्र असतं, ‘कार्ता दे तितुलारिदाद’. पैदाशीसाठी घेत असाल तर घोडा पैदाशीच्या परीक्षेत पात्र ठरला आहे का ते त्या नोंदीत बघा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. फ्रिजियनची मूळ वंशनोंद १८७९ मध्ये सुरू झालेल्या ‘केएफपीएस’ या डच संस्थेची. इतर संस्थांचेही पासपोर्ट असतात, रंगरूप तेच असतं, पण किंमत केएफपीएसच्या घोड्याची लावलेली असते. या जातीत बुटकेपणा आणि डोक्यात पाणी होणं, असे दोन आनुवंशिक दोष आहेत. दोन्हींची चाचणी होते. घोडी घेत असाल तर तिचा निकाल मागाच.

आता विलगीकरण. इथे विकणारा खोटं बोलत नाही, फक्त गप्प राहतो. अमेरिकेत उतरल्यावर घोड्याला सरकारी विलगीकरणात साधारण तीन दिवस ठेवतात, रक्ताच्या चाचण्या होतात. त्यांतली गोचीडतापाची, म्हणजे पायरोप्लाझ्मोसिसची चाचणी सगळ्यात महागात पडते. दक्षिण युरोपात हा रोग मुरलेला आहे, स्पेनमध्ये तर बऱ्याच धडधाकट दिसणाऱ्या घोड्यांच्या रक्तात तो असतो. चाचणीत हा रोग निघाला तर घोडा देशात घेत नाहीत. परत पाठवण्याचा खर्च तुमचा. पूर्वीची चाचणी औषध देऊन चकवता यायची, म्हणून अमेरिकेनं २००५ मध्ये ती बदलून सी-एलायझा आणली. विकणाऱ्यानं दाखवलेला जुना निकाल कुठल्या चाचणीचा आहे हे विचारा, आणि करार पक्का करण्याआधी नवं रक्त काढून, चिप क्रमांकासह, आयोवातल्या एम्स इथल्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवता येतं का ते तुमच्या वाहतूकदाराकडून पाहा. थोडे पैसे जातील, पण घोडा अटलांटिकपलीकडून परत पाठवायची वेळ येणार नाही.

दुसरा गप्प राहिलेला खर्च लिंगावर ठरतो. दोन वर्षांवरची घोडी असली तर सीईएम या जननेंद्रियांच्या संसर्गासाठी आणखी सुमारे दोन आठवडे, नर असला तर सुमारे पाच आठवडे विलगीकरण. नराची तर चाचणीसाठी ठेवलेल्या माद्यांशी गाठ घालून तपासणी होते. काही हजार डॉलर वाढतात. खच्ची केलेल्या घोड्याला हे लागत नाही. ‘नर आहे, आल्यावर तिकडेच खच्ची करा’ असं कुणी सहज सुचवलं तर त्या सूचनेची किंमत आधी मोजा.

दलालाला विचारायचा प्रश्न एकच: तुला कोण कोण पैसे देणार? घेणाऱ्याकडून दहा टक्के आणि विकणाऱ्याकडून गुपचूप दुसरे दहा, वर मूळ किमतीत आपली भर, असं चालतं. मालकानं मागितलेली किंमत, दलाली आणि वाहतूक वेगवेगळी लिहून घ्या. पैसे घोड्याच्या मालकाच्या खात्यात जावेत, दलालाच्या नव्हे.

करारात चिप क्रमांक, दिलेली औषधं, आधीच्या शस्त्रक्रिया, ‘तपासणी आणि रक्तचाचणी नापास झाली तर आगाऊ रक्कम परत’ हे वाक्य, आणि वाद कुठल्या देशाच्या न्यायालयात जाईल ते असू द्या. आगाऊ दहा टक्क्यांच्या वर नको.

पैसे गेल्याचं कळलं तर पहिले ७२ तास महत्त्वाचे. विकणाऱ्याशी भांडत बसू नका. त्याच तासात आपल्या बँकेला फोन करून रक्कम परत बोलावण्याची विनंती नोंदवा, लगेच एफबीआयच्या ‘आयसी३’ या इंटरनेटवरच्या गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर तक्रार करा, आणि सगळे मेल, संदेश, बिलं जशीच्या तशी ठेवा. काही दिवसांनी ‘आम्ही पैसे परत मिळवून देतो’ म्हणून फोन येईल. तो बहुधा त्याच टोळीचा असतो आणि तीही फी आगाऊच मागते.

सगळं नीट पार पडलं तरी शेवटचं एक काम उरतं. ट्रक दारात येईल, फळी खाली पडेल, घोडा घामेजलेला उतरेल, घरातली सगळी त्याच्याभोवती जमतील. चिप वाचणारं यंत्र त्याआधीच स्थानिक डॉक्टरकडून मागून आणून ठेवा. डाव्या मानेवर फिरवा, आकडा करारासमोर धरा, एकेक अंक मोठ्यानं वाचा. पंधराही जुळले, की मग ट्रकवाल्याच्या कागदावर सही करा.