रात्री चालायला कुठला एरिया बरा? स्ट्रीट व्ह्यू, सेफ्टीपिन आणि पानटपरीचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. गुगल मॅपवर रस्त्याचे फोटो दाखवणारं स्ट्रीट व्ह्यू दिवसाचं काम चोख करतं, रस्ता किती सुरक्षित ते तपासणाऱ्या सेफ्टीपिन अ‍ॅपची नऊ प्रश्नांची पद्धत त्याहून भारी आहे, आणि रात्री दहानंतरचं खरंखुरं कळायचं असेल तर चौकातल्या पानटपरीशिवाय पर्याय नाही. एकट्या कुठल्या एकावर भरवसा ठेवून रूम बुक करू नका एवढंच.

हे सगळं करायची वेळ आली कारण धाकट्या बहिणीला पुण्यात जॉब लागला, शिफ्ट सुटायला रात्रीचे साडेनऊ, कंपनीची कॅब नाही, म्हणजे बसस्टॉपपासून पीजीपर्यंत रोज चालत जायचं. घरात लगेच सभा भरली. मामा म्हणे कोथरूडच, बाकी पुणं पुणं नाही. मावशी म्हणे विमाननगर, तिकडं सगळी शिकलेली माणसं. आईचं एकच, हडपसरला बघा, आपल्या सोलापूरची लई माणसं हायत तिकडं. प्रत्येकजण एरियाचं नाव घेऊन सर्टिफिकेट फाडतंय. पण पोरगी काय अख्ख्या कोथरूडमधून चालणार आहे का? ती एका रस्त्यावरून, दोन गल्ल्यांतून, ठराविक टायमाला चालणार, आणि तेवढ्याचंच बघायचं असतं, बाकी एरिया गेला उडत.

काहीजण लगेच गुन्ह्यांची आकडेवारी काढतात. एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ब्युरोचा, रिपोर्ट असतो, त्यात २० लाखांच्या वर लोकसंख्येची १९ महानगरं वेगळी दाखवतात, पुणे, मुंबई, नागपूर त्यात आहेत, आपलं सोलापूर नाही. पण तो आकडा अख्ख्या शहराचा असतो आणि नोंदवलेल्या केसेसचा असतो. जिथं बायका चौकीत जाऊन तक्रार देतात आणि पोलिस ती लिहून घेतात तिथला आकडा फुगतो, जिथं आई "गप बस, कुणाला सांगू नको" म्हणते तिथला कमी दिसतो. रूम शोधायला याचा उपयोग शून्य. पुढं जाऊ.

स्ट्रीट व्ह्यू

हे आपल्याकडं यायलाच किती वर्षं गेली. २०११ ला बेंगळुरूत गाड्या फिरायला लागल्या तर पोलिसांनी थांबवलं, मग शेवटी जुलै २०२२ मध्ये इथल्याच कंपन्यांना सोबत घेऊन गुगलने दहा शहरांत चालू केलं, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर. नगरचं नाव आलं आणि आपलं नाही, यावर आमच्या ऑफिसात आठवडाभर चर्चा चाललीवती.

पुण्यासाठी मात्र एक नंबर. सोलापुरात सोफ्यावर बसून खराडीतली गल्ली बघता येते. फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे, नाहीतर नुसत्या बिल्डिंगी बघून "छान आहे" म्हणाल. मी बघते ते असं: रस्त्याला तोंड करून दुकानांची शटरं किती आणि नुसती कंपाऊंडची भिंत किती. आयटी पार्कच्या बाजूला काही रस्ते फोटोत फार देखणे दिसतात, रुंद, झाडं लावलेली, पण अर्धा किलोमीटर एकच भिंत आणि मध्ये एक गेट. तिथं रात्री आवाज दिला तर ऐकणार कोण? मग बाल्कन्या बघायच्या. दोरीवर कपडे वाळत असतील, कुंड्या असतील, तर तिथं माणसं राहतात आणि रस्त्याकडं बघतात. चेहरे ब्लर केलेले असतात पण साडी, ड्रेस, स्कूटी, शाळेचं दप्तर कळतंच की, तेवढ्यावरून त्या गल्लीत बायका-पोरं पायी फिरतात का ते समजतं.

याची हद्द पण समजून घ्या. फोटो दिवसाउजेडी काढलेले असतात. विजेचा खांब दिसतो, त्यावरचा दिवा लागतो का ते दिसत नाही. आणि फोटो कधीचा आहे तो महिना-वर्ष स्क्रीनवर बारीक अक्षरात असतं, ते न बघता पुढं जाऊ नका. पुण्यात दोन वर्षांत मोकळ्या प्लॉटचा टॉवर होतो आणि चहाच्या गाडीच्या जागी पत्रे लागतात. जुन्या तारखांचे फोटो असतील तर तेही उघडून बघा, गल्ली कुठल्या दिशेनं चाललीय ते कळतं. पाचपैकी साडेतीन.

सेफ्टीपिन

हे २०१३ मध्ये कल्पना विश्वनाथ आणि आशिष बसू यांनी दिल्लीकडं चालू केलं, निर्भया प्रकरणानंतरचा तो काळ. रात्री गाड्यांवर मोबाईल लावून रस्त्यांचे फोटो काढायचे आणि कुठं अंधार आहे ते शोधायचं, असंही काम त्यांनी केलंय. मला अ‍ॅपमधल्या नकाशापेक्षा त्यांचे प्रश्न जास्त आवडले, कारण ते प्रश्न घेऊन तुम्ही कुठल्याही गावात चालू शकता, नेट असो नसो. एकूण नऊ गोष्टी: उजेड, मोकळेपणा म्हणजे चारी बाजूला नजर पोचते का, आजूबाजूच्या घरा-दुकानांतून तुम्ही दिसता का, माणसांची वर्दळ, पोलिस किंवा वॉचमन, चालायची वाट, बस-रिक्षा किती जवळ, बायका-पोरं किती दिसतात, आणि शेवटी तुम्हाला स्वतःला कसं वाटतं. प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क.

आता माझं म्हणणं असं की अनोळखी गावात कशावरही विश्वास टाकायच्या आधी ते ओळखीच्या गावात लावून बघावं. सोलापूर मला पाठ आहे, म्हणून आम्ही दोघी बहिणी रात्रीच्या जेवणानंतर कागद घेऊन निघालो.

पहिलं पूर्व भागात. साखर पेठ, भवानी पेठ, तिकडच्या आतल्या गल्ल्या. नवीन माणसाला हमखास सांगतात, रात्री तिकडं नको. कागदावर काय आलं बघा. उजेड दोन. मोकळेपणा एक, गल्ली कसली ती, रिक्षा शिरली तर माणसानं ओट्यावर चढायचं. चालायची वाट शून्य, फुटपाथ नावाची चीजच नाही, गाड्या लावलेल्या. पण पुढं बघा. आतून यंत्रमागांचा खटखट आवाज चालू, म्हणजे कामगार जागे. ओट्यावर बायका बसलेल्या, एकीच्या मांडीवर बीडीचं सूप, हात चालू आणि तोंडानं तेलुगूत गप्पा चालू, आमच्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि एका आजीनं विचारलंच, "कुनाच्या घरला जायचंय गं पोरींनो?" दुसऱ्या कुणाला हा आगाऊपणा वाटेल, माझ्या कागदावर त्याला तीनपैकी तीन. माणसं तीन, बायका तीन, नजर तीन.

दुसऱ्या रात्री जुळे सोलापुरातल्या एका आतल्या कॉलनीत. नाव कुणाचं घेत नाही, छान लोक राहतात, माझी मैत्रीणच राहते. पांढरेशुभ्र एलईडी दिवे, उजेड तीन. रुंद रस्ता, मोकळेपणा तीन. आणि रस्त्यावर? कुणी म्हणजे कुणी नाही. गेटं बंद, पडदे ओढलेले, आतून सिरियलचा आवाज. माणसं शून्य, बायका शून्य, नजर फार तर एक. मधल्या रिकाम्या प्लॉटवर कुत्र्यांची टोळी, आम्ही दिसल्यावर एक उठलं की सगळी उठली. बहिणीनं माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

तर सेफ्टीपिनवाल्यांना माझी सूचना, दहावा प्रश्न कुत्र्यांचा घाला. दिल्लीचं माहीत नाही, सोलापुरात रात्री पायी चालणाऱ्याला माणसाआधी कुत्र्याचा विचार येतो.

माणसांच्या वर्दळीला मार्क देताना अजून एक गंमत आहे. पार्क चौकात चौपाटीवर रात्री गर्दी असते, पण ती भेळ खाणाऱ्या घरच्या लोकांची, पोरं आईस्क्रीमसाठी रडतायत, तिथं मी एकटी निवांत चालते. आणि कुठल्याही परमिट रूमच्या कोपऱ्यावर पण गर्दीच असते, तिथं मी रस्ता ओलांडून पलीकडनं जाते. वर्दळ दोन्हीकडं तीन, फरक पडतो बायकांच्या प्रश्नात. नऊपैकी एकच प्रश्न ठेवायला सांगितला तर मी हाच ठेवीन: या टायमाला इथं बायका कारणाशिवाय उभ्या आहेत का? घाईघाईत जाणाऱ्या नव्हे, उभ्या, गप्पा मारत.

आणि टायमाचं तर विचारूच नका. आपलं रेल्वे स्टेशन घ्या. रात्री हुतात्मा एक्सप्रेस येते, साडेदहाच्या पुढं वंदे भारत येते, तेव्हा स्टेशनच्या बाहेर बॅगा ओढणारी निम्मी बायका-माणसं, रिक्षावाल्यांचा कालवा, घ्यायला आलेले भाऊ नि नवरे. पंधरा मिनिटं थांबा. तोच रस्ता, तेच दिवे, आणि कुत्रं पण नाही. आता याला एक स्कोर कसा द्यायचा सांगा? म्हणून नकाशावर एखाद्या जागेला हिरवा रंग दिसला तरी तो किती वाजताचा आणि कधीचा ते बघा, कारण लोक माहिती भरतात तेव्हाच ती भरते. नकाशाला तीन, प्रश्नांना पाचपैकी पाच.

पानटपरी

पुण्यात गेल्यावर खराडीत एक पीजी बघितलं. मालक म्हणाले, "एकदम सेफ एरिया, सीसीटीव्ही आहेत." वर मान करून बघितलं, कॅमेरा होता खरा, त्याचं तोंड त्यांच्याच पार्किंगमधल्या गाडीकडं. रस्त्याचा एक फूटसुद्धा त्यात येत नसणार. बहिणीनं मला कोपरानं ढोसलं, मी म्हणलं बरं, कळवतो.

मग खाली कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला. इथं एक लक्षात ठेवा, "एरिया सेफ आहे का हो?" असं विचारायचंच नाही, स्वतःच्या एरियाला वाईट कोण म्हणेल, "काय टेन्शन नाय" एवढंच उत्तर मिळतं. असं विचारा की तुम्ही किती वाजता बंद करता, तुमच्यानंतर कोण उघडं असतं, लाईट गेली की अंधार कुठं पडतो. टपरीवाले दादा सुरूच झाले, "ताई, मी साडेदहाला उठतो. समोरचं मेडिकल अकरापर्यंत. स्टॉपवरनं येताना मेन रोडनीच या, मॅप तुम्हाला पत्र्याच्या कडेचा शॉर्टकट दाखवल, तिकडं जाऊ नका, साईट बंद पडलीय, रात्री पोरं बसत्यात प्यायला." एवढी माहिती कुठल्या अ‍ॅपमध्ये आहे सांगा. मॅपला चालायचा रस्ता विचारला की तो अंतर नि वेळ बघतो, पत्र्याच्या मागं कोण बसलंय ते त्याला काय ठाऊक. दहा रुपयांचा चहा, पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापला कारण मेडिकलच्या पाटीवर वेळ साडेदहाचीच होती.

मामा हे सगळं ऐकून म्हणाला, त्यापेक्षा सदाशिव पेठ घ्या, जुनी वस्ती, एमपीएससीच्या पोरांची, तिथं काय होतंय. मामाला आठवण करून दिली, जून २०२३ ला तिथंच दिवसाढवळ्या एका मुलीवर कोयत्यानं हल्ला झालावता. पण तिला वाचवलं कुणी, तर रस्त्यावर असलेल्या अभ्यास करणाऱ्या पोरांनीच, एकानं कोयता धरला. म्हणजे पेठेच्या नावानं काही अडवलं नाही, आणि माणसं रस्त्यावर नसती तर काय झालं असतं बोलायलाच नको. मामा गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणून तर म्हणतोय सदाशिव पेठ." त्याचंही खरंच आहे म्हणा.

शेवटी रूम घेतली ती बसस्टॉपच्या रांगेतच, मेन रोडवर, खाली डेअरी आणि झेरॉक्सचं दुकान, वर मालकीणबाई राहतात आणि रात्री बाल्कनीत बसून फोनवर बोलत असतात. गाड्यांचा आवाज येतो, धूळ येते, भाडं पण आतल्या गल्लीपेक्षा जास्त. बहीण कुरकुर करते की झोप होत नाही. मी म्हणलं कानात कापूस घाल.

ज्यांच्या घरातलं कुणी असं बाहेरगावी जाणार असेल त्यांच्यासाठी दोन सेटिंग सांगून ठेवते. व्हॉट्सअ‍ॅपचं लाईव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास असं लावता येतं, शिफ्ट सुटताना एक तासाचं लावायला सांगा, आठ तासांचं लावलं की आपण रात्रभर तो ठिपका बघत बसतो. गुगल मॅपवरनं लोकेशन शेअर केलं तर समोरच्याच्या फोनची बॅटरी किती उरलीय ते पण दिसतं, ठिपका थांबला की आधी बॅटरी बघा, मग घाबरा. आणि ११२ हा नंबर पाठ पाहिजे, फोनमध्ये सेव्ह असून भागत नाही, फोन दुसऱ्याचा पण असू शकतो.